पाटा देऊन टाकू नका

नमस्कार ताई,

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून तुम्ही पाठवलेलं पत्र वाचलं. वय 63. आरशापेक्षा घरच म्हातारपण दाखवतं, असं लिहिलंय तुम्ही. वाकळ शिवताना सुईत दोरा जात नाही, संध्याकाळी दिव्याभोवती वलयं दिसतात, माडीवरून उतरताना हात आपोआप भिंतीला जातो. आणि परवा जेवताना सून म्हणाली, "आई, मीठ जास्त झालंय." त्यावर तुम्ही यंदा वर्षाची कांदा-लसूण चटणी करायचीच नाही आणि सासूबाईंचा झिजलेला पाटा देऊन टाकायचा, असं ठरवलंत. बरोबर केलं का, म्हणून विचारताय.

नाही ताई, मला नाही पटलं.

वय वाढलं की वास आणि चव दोन्ही मंदावतात, म्हणून मिठाचा हात सैल होतो. तुमचं सुगरणपण त्यानं संपत नाही. वाढण्याआधी सुनेला चाखायला द्या. वलयांचं मात्र अंगावर काढू नका. मोतीबिंदू असू शकतो. तपासल्याशिवाय कळायचं नाही. तोच निघाला तर ऑपरेशन करून नवं भिंग बसवतात, बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. जिन्याला कठडा लावून घ्या, वर-खाली चांगला उजेड ठेवा. सकाळी रंकाळ्यावर झेपेल तेवढं चाला. मांडीत बळ राहिलं तर गुडघा साथ देतो.

आता पाट्याचं. गुळगुळीत पाट्यावर वाटण नुसतं सरकतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! पण आपल्या लहानपणी टाकी लावणारे दारावर यायचे, छिन्नीनं बारीक टिचे पाडले की तोच पाटा पुन्हा वाटायला लागायचा. झिजला म्हणून कुणी फेकला नाही.

सुनेच्या त्या एका वाक्यात तुम्हाला 'आता तुमची गरज नाही' असं ऐकू आलं, असं मला वाटतं. त्याचंच मला फार वाईट वाटलं. ती तसं म्हणालेली नाही, ताई. रंगाला ब्याडगी मिरची किती, तिखटाला संकेश्वरी किती, कांदा-लसूण कुठवर परतायचा, हे त्या घरात आज फक्त तुम्हाला ठाऊक आहे. यंदा चटणी कुटायला तिला डंकावर सोबत न्या. मीठ तिला घालू द्या, बाकी सगळं तुम्ही सांगा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र त्याआधी जाऊन या. कुजकी मिरची निवडून काढायला नजर लागते.