व्हेरिएबल फंक्शनच्या सुरुवातीलाच लिहावेत, की जिथे लागतील तिथे?

तुमचे कॉलेजचे सर म्हणतात सगळे व्हेरिएबल फंक्शनच्या सुरुवातीला लिहा, आणि इंटर्नशिपमधला सीनियर म्हणतो लागेल तिथे लिही. मी सीनियरच्या बाजूचा आहे. कारण सांगतो.

मी कोल्हापुरात व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी गुळाच्या पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठीचा, प्रोग्रॅम लिहिला होता. सौदा झाला की हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची, एवढंच काम. फंक्शनच्या सुरुवातीला मी बारा व्हेरिएबल ओळीनं मांडले होते, त्यातच हमाली, किंमत शून्य. बऱ्याच ओळी खाली शेतकऱ्यांचा लूप, त्याच्या आत प्रत्येकाच्या लॉटचा, तिथे हमालीत भर पडत जायची. पहिल्याचे गुळाचे ४० रवे (ढेपा), रव्याला ३ रुपये, हमाली १२०. बरोबर. दुसऱ्याचे २५ रवे, म्हणजे ७५ यायला हवेत. पट्टीवर छापून आले १९५. दिवाणजींनी आकड्यावर बोट ठेवलं, "पहिल्याची हमाली दुसऱ्याच्या माथी मारलायसा की!"

प्रत्येक शेतकऱ्याला हमाली परत शून्य करायची राहून गेली होती. तोच व्हेरिएबल शेतकऱ्यांच्या लूपच्या आत, पहिल्याच ओळीत लिहिला असता तर ही चूक करताच आली नसती. दर फेरीला तो नव्यानं शून्यापासून सुरू झाला असता, आणि लूपबाहेर चुकून वापरला तर कंपायलरनंच अडवलं असतं. दिवसाची एकूण हमाली मात्र लूपच्या बाहेरच हवी. किती वेळ जगायला हवा, हे बघून व्हेरिएबलची जागा ठरवायची.

आणखी एक. वर लिहिताना हातात खरी किंमत नसते, म्हणून आपण उगाच शून्य देऊन ठेवतो. मग खरी किंमत द्यायची राहिली तरी कंपायलर गप्प बसतो. शून्य दिलं नसतं, तर जावानं कोड कंपाइलच केला नसता, आणि वॉर्निंग चालू असतील तर सी-च्या कंपायलरनं बहुतेक वेळा निदान वॉर्निंग दिली असती. म्हणून किंमत हातात आली की मगच व्हेरिएबल लिहा.

"लूपच्या आत लिहिलं तर दर फेरीला मेमरी जाते" असं सांगतात. साध्या इंटसाठी (पूर्णांकासाठी) हे खरं नाही. कंपायलर सहसा फंक्शन सुरू होतानाच जागा धरून ठेवतो. डेटाबेसचं कनेक्शन मात्र दर फेरीला उघडू नका, तिथे खर्च खरा आहे.

जावास्क्रिप्टमध्ये व्हार (var) लिहून केलेला व्हेरिएबल महिरपी कंसाची हद्द पाळत नाही. २०१५ पासून लेट आणि कॉन्स्ट आहेत, तेच वापरा. पायथनमध्ये लूपला स्वतंत्र स्कोपच (व्हेरिएबल जिथवर चालतो ती हद्द) नाही, त्यामुळे फंक्शनच छोटं ठेवावं लागतं.

सरांचा नियम हवेतून आलेला नाही. १९८९ च्या सी-मध्ये ब्लॉकमधलं (महिरपी कंसांच्या आतल्या भागातलं) पहिलं वाक्य लिहून झालं की त्या ब्लॉकमध्ये डिक्लेरेशन, म्हणजे नवा व्हेरिएबल लिहिणं, चालत नसे. १९९९ च्या स्टँडर्डनं ती अट काढली. लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर सी-चा प्रोग्रॅम अजून तिथेच अडतो. पण ती अट ब्लॉकच्या सुरुवातीची आहे, फंक्शनच्या नव्हे. लूपचा महिरपी कंस उघडून लगेच खाली "इंट हमाली = ०;" लिहा, टर्बो सी-लाही ते चालतं. प्रॅक्टिकलला तसंच लिहा, आणि सरांनी विचारलं तर हेच कारण सांगा.