वेबवर चढवलेला शेंदरी रंग मळकट का दिसतो?

प्रश्न : बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या गणेशमंडळासाठी मी फोटोशॉपमध्ये निमंत्रणाचे चित्र तयार करते. माझ्या पडद्यावर गणपतीचा शेंदरी रंग अगदी ताजा दिसतो. पण चित्र मंडळाच्या संकेतस्थळावर चढवले की तोच रंग विटकरीकडे झुकतो. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवून पाहिले, तेव्हा संकेतस्थळावर गणपती सुधारला, पण केळीची पाने डोळ्यांत खुपू लागली. चूक कुठे होत असावी? – एक वाचक, बडोदा

उत्तर : आपण पाठवलेल्या दोन्ही चित्रांत पांढरी पार्श्वभूमी आणि करडी सावली जवळजवळ सारखीच आहे, विटले आहेत ते फक्त भडक रंग. चित्राची रंगप्रोफाइल वाटेत गळून पडली, याची ही पक्की खूण होय.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात, आणि ते कोणत्या मापाने वाचायचे हे प्रोफाइल सांगते. आपण बहुधा अ‍ॅडोबी आरजीबी या १९९८ सालच्या, अधिक रुंद रंगपट्ट्यात (म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांच्या व्याप्तीत) काम करता. बरीच संकेतस्थळे चित्र लहान करताना प्रोफाइल काढून टाकतात, आणि प्रोफाइल नसलेले चित्र ब्राउझर एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या पट्ट्यातले समजूनच वाचतो. हा पट्टा एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडला व १९९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. एसआरजीबीत (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) २५५, १०२, ० असा लिहिला जाणारा शेंदरी अ‍ॅडोबी आरजीबीत सुमारे २२४, १०२, २४ असा लिहिला जातो; हे आकडे एसआरजीबी म्हणून वाचले गेले की लाल उतरतो, निळ्याची भेसळ होते आणि शेंदूर मळतो. अशा वेळी सॅच्युरेशन वाढवणे म्हणजे वजनकाटा चुकीचा असताना तांदूळ वाढवत बसणे.

मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर ‘एडिट’ मेनूतील ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरून एसआरजीबी निवडावे. शेजारच्या ‘असाइन प्रोफाइल’ला मात्र हात लावू नये. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि दिसणे शक्य तितके राखले जाते, तर असाइनमध्ये आकडे तेच राहून केवळ चिठ्ठी बदलते, आणि अनेकांचा घोटाळा नेमका इथेच होतो. नंतर ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मध्ये प्रोफाइल जोडण्याच्या पर्यायावर खूण करावी, पुढे प्रोफाइल गळून पडली तरी आकडे एसआरजीबीचेच असल्याने फारसे बिघडत नाही. छापखान्यासाठी केलेली सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या आकड्यांतली) प्रत वेबवर चढवू नये.

मंडळाच्या सभासदांच्या मोबाइलवर रात्रीचा पिवळसर प्रकाश चालू असेल, तर त्याला आपला इलाज नाही. आपण मात्र चढवलेले चित्र संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून फोटोशॉपमध्ये उघडावे आणि आयड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारे साधन) शेंदरी भागावर टेकवावा. रूपांतरित प्रतीत त्या जागी जे आकडे होते, त्यांच्या आसपासचेच आकडे तिथे दिसले पाहिजेत.