बेरीज पंख्यांची नको, पंपाची करा

प्रश्न : आमचं घर आंजर्ल्याला, मागे नारळी-पोफळीची वाडी. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती, तेव्हापासून जनरेटर घ्यायचं घाटतंय. विहिरीवर एक एचपीचा पंप, घरात फ्रीज, चार पंखे, दहा एलईडी दिवे, टीव्ही आणि गिझर. दीर म्हणतात दोन केव्हीए पुरे. दुकानदार साडेसात गळ्यात मारतोय. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, आंजर्ले

उत्तर : ताई, दोघांचंही नको.

घरातलं ओझं तसं किरकोळ आहे. पंखे ७५ वॅटप्रमाणे ३००, दिवे ९ प्रमाणे ९०, टीव्ही शंभरेक, फ्रीज दीडशे. साडेसहाशेच्या आतबाहेर. खरा गिऱ्हाईक विहिरीवर बसलाय. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटर देते ते काम. ती स्वतः ओढते हजार-अकराशे. आणि हे झालं चालू असतानाचं. वाळूत रुतलेल्या होडीला पहिला रेटा लागतो तसं मोटरचं आहे. सुरू होताना क्षणभर ती तिप्पट-चौपट, कधी त्याहून जास्त ओढते. केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप, पण त्यातले साधारण ०.८ च वॅट म्हणून वापरता येतात. दोन केव्हीए म्हणजे २०००, त्याला ०.८ ने गुणा, १६०० वॅट हातात येतात. दिरांच्या जनरेटरवर पंप नुसता हूं हूं करत बसेल, आणि असा अडकलेला पंप वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जाळतो.

म्हणून चार केव्हीए घ्या. सगळं बंद ठेवून आधी पंप लावायचा, टाकी भरायची, पंप बंद करून मग फ्रीज आणि बाकीचं. टाकी भरलेली असली की दिवसभर पंपाची गरज काय? साडेसातचं यंत्र रात्री चार पंख्यांसाठी धडधडत ठेवलंत तर पेट्रोल मात्र फुकट जाईल. दुकानदाराला सांगा, एक एचपीची मोटर लावून सुरू करून दाखव, मग पैसे. पाटीवरचा आकडा वाचताना ‘मॅक्स’ सोडा, ‘रेटेड’ पाहा. मॅक्स थोडा वेळच मिळतो.

गिझर दोन हजार वॅटचा असतो, त्याला जनरेटर दाखवूही नका. वाडीत सोडणं, झावळ्यांचा खच पडलेला असताना बंब काय वाईट आहे?

आता दोन गोष्टी, ज्यात तडजोड नाही. पाऊस आहे म्हणून यंत्र पडवीत आणू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. अंगणात, खिडक्यांपासून लांब, वर पत्रा टाकून ठेवा. आणि जनरेटरची वायर घरातल्या प्लगात उलटी घालून घरभर वीज खेळवायचा जुगाड कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ती वीज डीपीतून, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी जाऊन तारेवर ११,००० व्होल्ट होते, आणि वादळानंतर त्याच तारेला वायरमन हात लावून असतो. वायरमनकडूनच चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे घर एका वेळी एकतर लाइनला जोडलेलं राहील, नाहीतर जनरेटरला.

विहीर घरापासून किती लांब, ते तुम्ही लिहिलं नाहीत. दीड-दोनशे फूट असेल तर चार स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाका. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, पंप उचलत नाही, आणि शिव्या जनरेटरला बसतात.