अमेरिकेत बेसबॉल खेळून फी माफ होते का?

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे, बेसबॉल चांगला खेळतो. अमेरिकी विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्ती मिळेल का? – एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पूर्ण माफी गृहीत धरून हिशेब मांडू नका. डिव्हिजन एक म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन स्पर्धांची सर्वांत वरची श्रेणी; तिथे पूर्वी अख्ख्या संघाला ११.७ शिष्यवृत्त्या असत. त्या २७ खेळाडूंपर्यंत वाटल्या जात, म्हणून बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच येई. २०२५-२६ पासून खेळाडूंच्या मोबदल्यावरील खटल्यात झालेल्या नव्या तडजोडीत सामील विद्यापीठांना ती मर्यादा नाही, पण संघ जास्तीत जास्त ३४ जणांचाच. डिव्हिजन तीनमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नसते. उरलेल्या खर्चाची तरतूद कागदोपत्री दाखवल्याशिवाय आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते तो दाखला) मिळत नाही, तेव्हा शिष्यवृत्तीच्या रकमेचा आकडा विद्यापीठाकडून लेखीच घ्या. आणि नववीपासूनच्या गुणपत्रिका जपा. शैक्षणिक पात्रता त्यांवर ठरते.