बागेतले प्रश्न : चिकू

गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये काळीपत्ती चिकूचं कलम लावून तीन वर्षं झाली. खालून आलेल्या फांद्या जोरात वाढतात, वरच्या फांदीला थोडी फुलं येतात आणि गळतात. काय चुकतंय? (बोरिवली)

त्या खालच्या फांद्या चिकूच्या नसाव्यात. चिकूचं कलम खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या खुंटावर बांधतात. सांध्याखाली फुटतं ते सगळं रायणीचं, आणि ते खुंटाचं स्वतःचं असल्यामुळे कलमाच्या आधी अन्न ओढून घेतं. पान बघा. रायणीच्या पानाचं टोक बोथट असतं, बऱ्याचदा मधोमध खाचही असते. चिकूचं पान टोकाला निमुळतं होतं. खोडावर सांध्याची फुगीर गाठ शोधा आणि तिच्याखालचे फुटवे खोडालगत साफ कापा. बूड शिल्लक राहिलं तर तिथून पुन्हा दोन फुटतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी नजर टाका. वरची चिकूची फांदीच मेली असेल, तर तुम्ही रायण वाढवताय. तिची पिवळी फळंही गोड, पण वाट फार पाहावी लागते.

फूलगळीची फार काळजी नको. चिकूची बरीच फुलं गळतातच. कलमाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात आणि फुलापासून फळ तयार व्हायला सात ते दहा महिने. मात्र ड्रममध्ये पाणी साचत असेल तर मुळं कुजतात आणि लागलेली फळंही जातात. मुंबईच्या जुलैत हेच जास्त होतं. तळाला अंगठ्याएवढी सहा-आठ भोकं हवीत आणि ड्रम विटांवर, नाहीतर स्लॅबला टेकून भोकं बंद होतात. जूनच्या सुरुवातीला व पाऊस संपल्यावर चार-पाच किलो कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे.

घोलवडच्या ओळखीच्या वाडीतून चिकू आणले. आठवडाभर ठेवले तरी मऊ होण्याऐवजी सुरकुतले. खाल्ले तर घसा धरला. (दादर)

कोवळे उतरवले गेले. अशा फळात चीक आणि तुरटपणा भरपूर, आणि ते नंतर नीट पिकत नाही, नुसतं वाळतं. झाडावरचा चिकू तयार झाला की सालीवरची तपकिरी भुकटी सहज झडते. नखाने हलकं खरवडा : खाली हिरवं दिसलं तर थांबा, पिवळसर दिसलं आणि चीक जेमतेम आला तर काढा. मग साध्या खोलीत पाच-सहा दिवस ठेवा. कच्चा चिकू फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने त्याचं पिकणंच बिघडतं. पिकल्यावर दोन-तीन दिवस ठेवलात तर चालेल.

बी लावून झाड होईल का? (ठाणे)

होईल, पण फळाला सहा-आठ वर्षं लागतील आणि ते आईसारखंच निघेल याची खात्री नाही. ड्रममध्ये तरी हा उद्योग नको. बी मुलांच्या हाती मात्र देऊ नका. टोकाला आकडा असतो, तो घशात अडकतो.