मेव्हण्याचं बिल

पुणे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. भाऊ आमदारकीला उभे आहेत आणि त्यांच्या प्रचाराचा हिशेब तुझ्याकडे आहे, त्यातलं सोबतचं बिलही पाहिलं. ‘डिझाइन, छपाई व इतर : रु. ४,८०,०००.’ पत्रकं किती हजार, कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड), एकरंगी की चौरंगी, काही म्हणजे काही नाही. खाली सही भाऊंच्या मेव्हण्याची. आणि तू विचारतेस, हे कायद्यात बसतं का?

नातेवाइकाला काम दिलं एवढ्यावरून आपल्याकडे कुणी अपात्र ठरत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ७७ म्हणतं, अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च वेगळा आणि खरा लिहा. कलम ७८ म्हणतं, निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्या. विधानसभेला आपल्या राज्यात मर्यादा ४० लाखांची. त्यातले पैसे मेव्हण्याला गेले की परक्याला, याचं कायद्याला सोयरसुतक नाही. फक्त खर्चाच्या बँक खात्याबाबत निवडणूक आयोग सावध आहे: ते निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त काढता येतं, बायको-मुलाबरोबर नाही. अर्थात बायकोलाच प्रतिनिधी नेमलं की आलंच सगळं घरात!

अमेरिकेत यावर सरळ नियम आहे. प्रचाराच्या पैशातून नातेवाइकाला पगार देता येतो, पण काम खरं हवं आणि मोबदला बाजारभावापेक्षा जास्त नको. निवडून आल्यावर त्याच नातेवाइकाला सरकारी पगारावर घेता येत नाही, ते १९६७ च्या कायद्याने बंद केलं. फ्रान्समध्ये २०१७ साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फ्रान्स्वा फियाँ बायकोच्या पगारावरून गोत्यात आले. संसदीय साहाय्यक म्हणून तिला वर्षानुवर्षं पगार मिळाला होता, काम मात्र कुणाला दाखवता येईना. त्याच वर्षी खासदारांना जोडीदार, मुलं, आईवडील यांना साहाय्यक नेमायला तिथे बंदी आली.

बाजारभावाची कसोटी तुला नवी नाही. धंद्यात जवळच्या नातेवाइकाला अवास्तव जास्त पैसे दिले तर वरची रक्कम आयकरवाले खर्च म्हणून धरत नाहीत, हे सीएच्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे उमेदवारीच्या, पहिल्याच वर्षी शिकली असशील. आणि निवडणुकीत बाजारभाव शोधत हिंडावं लागत नाही. जिल्हा निवडणूक कार्यालयाचं दरपत्रक असतं. खुर्ची, मंडप, चहा, गाडी, सगळ्याचे दर त्यात असतात. ते घे आणि बिलाशेजारी ठेव.

पण दर जुळला म्हणून मी गप्प बसणार नाही. माझ्या मते खरी अडचण पुढे आहे. समजा पत्रकावर भाऊंचा चेहरा हिरवट छापला गेला. नारायण पेठेतला परका छापखाना असता तर तू गठ्ठे परत पाठवले असतेस, पैसे अडवले असतेस. मेव्हण्याचे गठ्ठे कोण परत पाठवणार? भाऊ पाठवणार नाहीत, त्यांना रात्री त्याच घरात जेवायचं असतं. तू पाठवलेस तर ‘काल आलेली पोरगी’ म्हणून तुझंच नाव निघेल. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या पैशातून काम देऊ नये, एवढंच माझं म्हणणं. स्वतःच्या खिशातून खुशाल द्यावं. सहकारनगरातल्या ज्या निवृत्त बाईंनी पाच हजारांचा चेक दिला असं तू लिहितेस, त्यांनी तो भाऊंच्या सासुरवाडीला दिलेला नाही. गणपती मंडळाच्या वर्गणीतून मांडवाचं काम अध्यक्षांच्या भावाला गेलं की आपण पुणेकर अहवाल चष्मा लावून वाचतो. इथे तर आमदारकीचा प्रश्न आहे.

भाऊंची बाजूही समजून घे. प्रचारात माणूस फुटायला वेळ लागत नाही. बूथच्या याद्या, कार्यकर्त्यांचे फोन, कुठे कमी पडतोय याचा अंदाज, हे सगळं रात्री दोनला कुणाच्या हाती द्यायचं? घरचा माणूस निदान समोरच्या गोटात जात नाही (जातो कधीकधी, ते सोड). म्हणून पुतण्याला समाजमाध्यमांचं काम दिलं याचा मला राग नाही. मुलगा रात्रंदिवस राबतोय असं तूच लिहिलंयस. त्याला द्या, कामाचा करार करून, चेकने द्या. रोज साडेनऊ हजार रोख ही युक्ती कुणी सुचवली माहीत नाही, पण ती चालणार नाही. १०,००० ची रोखीची मर्यादा एका माणसाला संपूर्ण निवडणुकीत मिळून आहे.

आणि वहिनी? दोन महिने कार्यकर्त्यांच्या जेवणाचं बघताहेत, त्यांचं नाव तुझ्या एकाही कागदावर नाही. मेव्हण्याला चार लाख ऐंशी हजार आणि घरातल्या बाईचं काम धर्मादाय, याला मी साधेपणा म्हणत नाही. मुळात शिधा कुणाच्या पैशाने येतो? फुकट आलेल्या वस्तूचीही किंमत धरून नोंद करावी लागते. चुलतभावाची स्कॉर्पिओ ‘घरचीच आहे’ म्हणून फिरत असेल तर तीही दरपत्रकाप्रमाणे लिही.

घरच्यांचं पोट हा विषय लाजून लपवण्यासारखा नाही. गोखल्यांनी १९०५ मध्ये इथेच सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली, तेव्हा सभासदांच्या प्रतिज्ञेतच होतं: संस्था माझी आणि माझ्या कुटुंबाची जी तजवीज करेल तीत समाधान मानीन, स्वतःसाठी पैसे मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. कुटुंबाचा उल्लेख उघड, आणि तजवीज संस्था ठरवणार, सभासद नव्हे.

आता कामाचं. ते बिल नोंदवू नकोस, परत पाठव. प्रतींची संख्या, कागद, रंग, दर, जीएसटी, सगळं वेगवेगळं लिहून मागव. पत्रकाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाचं नाव कायद्याने लागतंच; तिथे दुसऱ्याच छापखान्याचं नाव असेल तर मेव्हणा नुसता मधला माणूस आहे, मग त्या छापखान्याचंच बिल घ्यायचं. आणखी दोन छापखान्यांची दरपत्रं घे आणि तिन्ही कागद भाऊंसमोर ठेव. घरच्या माणसांसमोर नको, एकटे असताना. त्यांनी ‘असंच लिही’ म्हटलं तर ते लेखी माग. लेखीही देत नसतील तर त्या दिवशीपर्यंतच्या नोंदी पूर्ण करून, पोच घेऊन बाहेर पड. तुझं सीएचं सर्टिफिकेट अजून यायचंय.

आयोगाच्या खर्च निरीक्षकांच्या तपासणीची तारीख कळली की फोन कर. आदल्या संध्याकाळी ये, खर्चाच्या रजिस्टरची पांढरी (रोजचा खर्च), गुलाबी (रोख) आणि पिवळी (बँक) पानं एकमेकांशी ताडून बघू. व्हाउचरं तारखेप्रमाणे लावून आण.

तुझा,
काका