सुरतेतील कानबाईची गाणी आणि वस्तीचा आधार

आपण विचारले आहे की, खान्देशातून सुरतेत येऊन राहिलेल्या कुटुंबांसाठी गाण्यांचे मंडळ काढले, तर त्यांना खरा आधार मिळेल की वर्षातून एकदाची करमणूक होईल. माझे गाव अमळनेर तालुक्यातले. लिंबायत-उधना भागात मी वीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्या अनुभवावरून लिहितो.

आधार मिळतो, आणि तो कसा मिळतो हे कानबाई या खान्देशी देवीच्या उत्सवात स्पष्ट दिसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी घराची रंगरंगोटी होते, घरातल्या माणसांच्या नावाने रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजले जातात, नारळाला नथ व दागिने घालून चौरंगावर मांडतात, रात्रभर जागरण चालते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. रोट मात्र भाऊबंदकीतच खायचे असतात. गावी ते सोपे जाते, कारण भाऊबंद हाकेच्या अंतरावर असतात. सुरतेत एक भाऊ पांडेसऱ्यात, दुसरा डिंडोलीत, तर तिसरा अजून गावीच कोरडवाहू कपाशी सांभाळत असतो. अशा वेळी रोटाचा नियम न मोडताही घर भरते ते जागरणाच्या गाण्यांमुळे, कारण गाण्याला भाऊबंदकी लागत नाही. साक्रीची असो वा पारोळ्याची, चाल ठाऊक असलेली कोणतीही बाई मागून सूर धरते. ‘कोनता गावना शेतस?’ ही विचारपूस तिथेच होते, आणि भाड्याची खोली, लूमवरचे (यंत्रमागावरचे) काम, मुलीचे स्थळ, बाळंतपणातली सोबत हे सारे पुढे त्याच ओळखीतून जुळत जाते.

जळगावातील सिंधी समाजाकडे पाहूनही मला हेच जाणवते. 1947 च्या फाळणीनंतर सर्वस्व सोडून आलेल्या या लोकांची ‘भगत’ ही गायन-नृत्य-कथनाची परंपरा कलावंतांबरोबर क्षीण होत गेली. लग्नातली ‘लाडा’ ही गाणी आणि चेटीचंड या नववर्षाच्या सणातले बहराणा (झुलेलालच्या पूजेचे सजवलेले ताट) मात्र घराघरांतून चालत राहिले, कारण ते कोणा एका कलावंतावर अवलंबून नव्हते.

म्हणून मंडळ काढताना स्पर्धा आणि पारितोषिकांपासून आरंभ करू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे; त्यात दोन-चार चांगले गळे पुढे येतात आणि उरलेल्या बाया श्रोत्या होऊन बसतात. लूमच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या असल्याने एकच वेळ सर्वांना सोयीची होणार नाही. गल्लीगल्लीत लहान बैठका ठेवाव्यात. मंडळाच्या नावात केवळ ‘अहिराणी’ हा शब्द घालू नये. यावल-रावेरकडची अनेक कुटुंबे लेवा गणबोली बोलतात, नंदुरबारकडच्या आदिवासी कुटुंबांच्या बोली निराळ्या आहेत, आणि नावामुळेच कोणी उंबऱ्याबाहेर राहू नये.

मुलांचा प्रश्न अधिक कठीण आहे. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते, पण तिथे अहिराणी कानावर पडेलच असे नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्या मुलाने आणि आप्तांनी लिहून ठेवल्यामुळेच. तेव्हा गाणी वहीत उतरवण्याचे काम मुलांनाच द्यावे. प्रत्येक गाण्यापाशी गाणाऱ्या बाईचे गाव लिहावे आणि दोन बायांचे शब्द वेगळे निघाले, तर एक खोडून दुसरे ‘शुद्ध’ ठरवू नये. दोन्ही पाठ ठेवावेत.